शड्डू आणि सोडलेला डाव

आमच्या घरी बुद्धिबळ आलं ते थेट तालमीतून. माझे वडील, आबा, तरुणपणी कुस्ती खेळायचे. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली, तेव्हा ते पटावर आले. पण कायदा तालमीतलाच ठेवला. पाठ टेकल्याशिवाय हार नाही! वजीर गेला, दोन्ही हत्ती गेले, तरी आबांचा एकटा राजा पटभर हिंडत राहायचा. भाकरी गार व्हायची, आई ओरडायची, पण मात झाल्याशिवाय माणूस उठायचा नाही.

मी राजारामपुरीत बुद्धिबळाच्या क्लासला जाऊ लागले, तर तिथं सरांनी उलटंच सांगितलं. समोरचा चांगला खेळणारा असेल आणि आपलं मोहरं फुकट गेलं असेल, तर हात पुढे करून डाव सोडायचा. त्यात त्याचाही मान राहतो आणि आपलाही. हे घरी सांगितल्यावर आबा म्हणाले, "पळून कसं जायचं ते शिकीवत्यात व्हय तिथं?" मला भयंकर राग आला. त्यांचं थोडंसं पटलंही होतं, म्हणून जास्तच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे, अकरावीत असताना, जिल्ह्याच्या स्पर्धेत आबा पहिल्यांदाच माझा डाव बघायला आले. इस्त्रीचा सदरा घालून भिंतीशी उभे राहिले. आणि नेमका त्याच डावात मी हत्ती फुकट घालवला. समोर कुरुंदवाडचे एक वयस्कर गृहस्थ होते. ते हसून हळूच म्हणाले, "सोड की आता, पोरी. च्या घिऊया."

हात पुढे जाणारच होता. पण आबांसमोर डाव सोडला तर त्यांच्या मनातून मी कायमची उतरणार, ही धास्ती होती. मी वर बघितलं. आणि आबांनी मांडीवर सणसणीत शड्डू ठोकला. त्या चिडीचूप हॉलमध्ये सगळे दचकले. पंच धावत आले. "ओ पावणं, ह्यो आखाडा न्हाय! भाईर व्हा आधी!" आबा मुकाट्यानं बाहेर गेले. मला लाज वाटावी की हसू यावं, तेच कळेना.

मी हात मागे घेतला. गृहस्थ बिचकले असावेत, कारण लगेच एक उंट देऊन बसले. माझ्या अंगात वारं शिरलं. पण ते सावरले आणि त्यांचं एक प्यादं वजीर व्हायला निघालं. मी सगळ्या वाटा तपासल्या. एकही उरली नव्हती. मात व्हायला अजून वेळ होता. तोवर बसले असते, तर शेवटपर्यंत लढले असं आबांना सांगता आलं असतं. पण सगळं दिसत असताना बसून राहणं मला खोटं वाटलं. मी डाव सोडला.

आबा खाली रसाच्या गाड्यापाशी उभे होते. "मात झाली?"

"न्हाई. मीच सोडला."

"का?"

"फुडचं सगळं दिसत हुतं, आबा. कुठनंच वाट नव्हती."

त्यांनी हातातला रसाचा ग्लास गाड्यावर ठेवला.

"मला ते कधी दिसतच न्हाई बघ," ते म्हणाले. "म्हणून तर बसून ऱ्हातो शेवटपर्यंत."