पोया पाय

या सदरात लोक लिहितात ते मी आवडीने वाचते, पण खरं सांगू? अर्ध्या वेळा हसते. पिंपळ, पांढरी साडी, मागून हाक... माझा जन्म अमरावतीचा, शिक्षण कॉम्प्युटरचं आणि स्वभाव फटकळ. कोणाच्या अंगात आलं म्हटलं की 'आधी थर्मामीटर लावा' म्हणणारी मी. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझा राग येतोय. पण पोटात ठेवून बरीच वर्षं झाली, आता लिहून टाकते. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही — माझाही धड बसत नाही.

गोष्ट अकोल्याची. जठारपेठेत एका घराच्या वरच्या मजल्यावर आमच्या छोट्या संस्थेचं ऑफिस होतं. त्या वर्षांत वऱ्हाडचं नाव पेपरात कशापायी यायचं ते नव्याने सांगायला नको. आमचं काम त्यातल्या एका कोपऱ्याचं होतं — फवारणी करताना विषबाधा झालेली माणसं. मजुराला औषधाचं छापील नाव कुठे माहीत असतं? तो सांगणार 'लाल झाकणाचं', 'मोराचं', 'बुढ्याच्या फोटोचं'. आणि डॉक्टरला तर आत कोणतं विष आहे तेच हवं असतं, कारण एकावर चालणारा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून आम्ही एक वेबसाइट केली होती. मजुराने सांगितलेलं नाव जसंच्या तसं टाइप करायचं, की खरं नाव आणि उपचार समोर.

बोलीतलं नाव ओळखायचं काम वेब सर्व्हरचं एक मॉड्यूल करायचं. मॉड्यूल म्हणजे सर्व्हरला जोडलेला जास्तीचा भाग, असं समजा. तो जोडला गेला नाही तर वेबसाइट म्हणजे नुसतं कुलूपबंद दुकान. ते मॉड्यूल लिहिलं रफीकभाईंनी. बडनेऱ्याचा माणूस, वडील रेल्वेत होते, स्वतः इंजिनिअर. रोज बडनेऱ्याहून गाडीने यायचे, खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटातला पास कायम दिसेल असा ठेवायचे. कृषी केंद्रांच्या पायऱ्यांवर बसून बसून त्यांनी औषधांची ही सगळी टोपणनावं गोळा केली होती.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर व्हायचं. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो हे तुम्हाला माहीत असेल. डोळा नाही, डोया. शाळा नाही, शाया. मॉड्यूलचं मुख्य काम हेच — लोक 'य' म्हणतात तिथे 'ळ' ओळखायचा. हा भाग त्यांनी पोळ्याच्या दिवशी पुरा केला आणि त्या फाइलला नाव दिलं 'पोया', इंग्रजी अक्षरांत. मी म्हटलं, "रफीकभाई, उद्या बाहेरचं कोणी बघेल तर हसेल. पोळा लिहा. 'वाय' काढा, 'एल' टाका."

ते म्हणाले, "मास्तरीणबाई, कास्तकार पोळा म्हनते काय कधी? पोयाच म्हनते. मशीनले बी मी तेच शिकवून राहिलो."

मास्तरीणबाई हे माझं नाव त्यांनीच पाडलं होतं. दुसरं कोणी म्हणत नसे, मी म्हणू दिलंच नसतं. शेवटी कुरकुरत त्यांनी नाव बदललं. निदान मला तसं वाटलं. संध्याकाळी आमच्या घरी येऊन पुरणपोळी खाल्ली आणि निघताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुमी कसे राहता हो यांच्यासंगं?"

पुढच्या उन्हाळ्यात रफीकभाई गेले. हार्टचा झटका. मी बडनेऱ्याला जाऊन आले, मय्यत निघाली तेव्हा गल्लीत उभी होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे कोणाला शंका नको.

त्याच पावसाळ्यात, फवारणीचे दिवस ऐन भरात होते. सकाळी लोडशेडिंग, मग लाइट आली ती अशी झटका देत की सर्व्हरची हार्ड डिस्क बसली. त्यात नवं काही नव्हतं. दुसरं मशीन होतं, पेन ड्राइव्हवर बॅकअप होता. सगळं उतरवलं, सर्व्हर चालू केला... आणि तो उठेचना. पडद्यावर एकच ओळ — मॉड्यूल लोड होत नाही, त्याला लागणारी 'पोला' नावाची फाइल सापडत नाही. पोळा, 'एल'वाला.

मी अख्खं मशीन शोधलं. पेन ड्राइव्ह शोधला. 'पोला' नावाचं काही म्हणजे काहीच नाही. फाइलींच्या परवानग्या बघितल्या, सर्व्हर फाइली कुठे शोधतो ते बघितलं, तेच तेच दहा वेळा केलं. ज्यांनी लिहिलं ते विचारायला उरले नव्हते, आणि मूळ प्रत त्याच बसलेल्या डिस्कवर.

दुपारी फोन वाजला. दर्यापूरकडच्या एका आरोग्य केंद्रातून डॉक्टर मुग्धा. पुण्याची मुलगी, नुकतीच नेमणूक झालेली, आवाज घाबरलेला.

"मॅडम, साइट उघडत नाहीये. माझ्याकडे कमलाबाई म्हणून पेशंट आहेत, शेतात पंपात औषध भरत होत्या. लक्षणं कळत नाहीयेत मला, दोन वेगवेगळ्या विषांची वाटतात. झटके येतायत. त्यांचे मिस्टर म्हणतात 'निया वाघ' मारत होतो. निया वाघ काय आहे?"

निया म्हणजे निळा एवढं मला कळलं. पण निळ्या वाघाच्या डब्यात काय असतं ते त्या मॉड्यूलच्याच पोटात होतं. डबा वावरातच राहिला होता, आणायला माणूस गेलेला. कृषी केंद्राचा फोन कोणी उचलत नव्हतं. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी मागवली होती, ती यायची होती. "फोन ठेवू नको," मी म्हटलं. एक बाई तिकडे मरायला टेकली होती आणि मी इकडे एका फाइलीच्या नावापाशी अडले होते.

पलीकडून गलका ऐकू येत होता. मग मुग्धा कोणावर तरी वैतागली. "अहो काका, थांबा ना दोन मिनिटं, बघते मी!" आणि मला म्हणाली, "सॉरी हं. इथे एक जण सारखे मध्ये मध्ये बोलतायत. पाय पोळलाय म्हणतायत."

"काय म्हणतात?"

"पोया पाय, पोया पाय, असं काहीतरी. पोळलेला पाय असणार ना? आणि म्हणतात मास्तरीणबाईले सांगा. आता इथे मास्तरीणबाई कुठून आणू मी?"

मी वऱ्हाडची. आमच्याकडे 'पाय' म्हणजे पाऊल असतो, आणि 'पाय' म्हणजे 'बघ'सुद्धा असतं. पोया पाय. पोया बघ.

अंगावर काटा वगैरे नंतर आला. त्या क्षणी मी फक्त शोधायच्या जागी 'एल' खोडून 'वाय' टाकला. फाइल होती. तिथेच, इतर ढीगभर फाइलींच्या मध्ये, इतका वेळ माझ्या नाकासमोर. रफीकभाईंनी नाव बदललंच नव्हतं. माझा मान राखायला मॉड्यूलमध्ये पोळा लिहिलं, फाइल पोयाच ठेवली, आणि मधे एक दुवा जोडून दिला — पोळा मागितलं की पोया द्यायचं. पेन ड्राइव्हवर असे दुवे टिकत नाहीत. तो गळून गेला होता.

मी दुवा परत जोडला. सर्व्हर उठला. मुग्धाने 'निया वाघ' टाइप केलं आणि मला विषाचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. मग ती माझ्याशी बोलली नाही, नर्सशी बोलत राहिली, आणि रिसीव्हर तसाच टेबलावर राहिला. मी ऐकत बसले. बऱ्याच वेळाने गाडीचा आवाज आला.

कमलाबाई वाचल्या. संध्याकाळी मुग्धाचा फोन आला तेव्हा ती रडत होती, मीही. मग मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, ते मधे मधे बोलणारे काका कोण होते.

"माहीत नाही हो. मला वाटलं पेशंटबरोबर आलेत. त्यांचे मिस्टर म्हणाले आमच्यातला नव्हे, दवाखान्यातला असन. नर्सने तर बघितलंच नाही म्हणे. चष्मा होता. शर्टाच्या खिशात पाससारखं काहीतरी, प्लॅस्टिकचं."

त्या गावाला रेल्वे नाही.

तुम्ही म्हणाल योगायोग. मीही स्वतःशी हीच वकिली करते. गावात मास्तरीणबाई असतातच, पोळा नुकताच होऊन गेला होता, कोणीतरी कोणाला काहीतरी 'पाय' म्हणालं असेल. पण दोन्ही एकदम, त्याच घटकेला, माझ्याच फोनवर? पुढे बडनेऱ्याला रफीकभाईंच्या घरी गेले तेव्हा भाभींना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. चहा गाळता गाळता म्हणाल्या, "काम का आदमी था. काम से आया होगा." मला असं सोपं वाटून घेता येत नाही. सर्व्हर का उठला नाही ते मी कोणालाही समजावून सांगू शकते. का उठला, ते नाही.

ती फाइल अजून आहे, 'वाय'सकट. नाव मी बदललं नाही, बदलू दिलं नाही.

मुग्धा आता तिकडे पुण्यात प्रॅक्टिस करते. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. मागे फोन झाला तेव्हा जुन्या गोष्टी निघाल्या. म्हणाली, "कमलाबाईंचं समाधान आहे. पण त्या दिवशीची एक रुखरुख राहिलीच बघा. ते काका बिचारे पोळलेला पाय घेऊन तसेच उभे होते, आणि मी त्यांना साधं मलमसुद्धा लावलं नाही. वळून बघते तर गेलेले."

"बरा झाला असेल," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

मी तिला पुण्यातल्या पावसाचं विचारलं.