घंटीबाईचं खातं

आमच्या गल्लीत आत्याला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही. सगळ्यांची ती घंटीबाई. तिचा सायकलच्या घंट्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागची पत्र्याची शेड. पुढच्या खोलीत पितळी वाट्या घासून चकाकवतात, मागच्या खोलीत आतले दाते, स्प्रिंग आणि अंगठ्याने ओढायची पट्टी बसवतात. शेवटी आत्या प्रत्येक घंटी डोळे मिटून वाजवते. नाद जरा बोदा वाटला की म्हणते, "हिला सर्दी झालीय. खोला परत."

आत्याचे यजमान सायकली दुरुस्त करायचे. ते गेल्यावर दुकान विकून टाक, असं ज्याने त्याने सांगितलं. आत्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. दुरुस्ती करता करता घंट्या जोडायला लागली. मग शेजारच्या बायका हाताखाली आल्या, आणि बघता बघता तिच्या घंट्या दुकानादुकानांत वाजायला लागल्या.

माझे बाबा तिचे थोरले भाऊ, पेशाने शिंपी. आईवडील लवकर गेले, तेव्हा आत्याला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. त्यामुळे बाबांचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

मग परदेशातल्या एका सायकल कंपनीने तिच्याकडे घंट्या मागितल्या. अट एकच होती: स्प्रिंग न गंजणारी हवी. तशी चांगली स्प्रिंग आपल्याकडे मिळेना, तीही बाहेरूनच मागवायची ठरली. म्हणजे माल बाहेर जाणार आणि बाहेरून येणारही. परदेशी पत्रव्यवहार माझ्याकडे होता. "कंपनी" हा शब्द मी आत्याच्या कारखान्यासाठी कागदावर पहिल्यांदा लिहिला, तेव्हा आत्याने तो दोनदा वाचून घेतला.

आता कंपनीला खातं हवं. बाबा म्हणाले, "त्यात काय एवढं? चौकातली बँक आहे की! मॅनेजर माझ्याकडेच कपडे शिवतो. घरचा माणूस."

आत्या बरं म्हणाली. खातं निघालं, स्प्रिंगचे पैसेही रवाना झाले. पण ते सरळ पोचलेच नाहीत. वाटेतल्या बँकांनी त्यातून आपापलं शुल्क कापून घेतलं. स्प्रिंगवाल्याच्या हाती कमी रक्कम पडली, आणि त्याने खोका तिथेच अडवून धरला.

मॅनेजर भला माणूस. त्याने आत्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "ताई, खरं सांगू? या शाखेत असलं काम कधी आलंच नाही. वरून उत्तर आलं की लगेच कळवतो."

वरून काही उत्तर येईना. कारखान्यात बायका हातात फडकं घेऊन नुसत्या बसून राहिल्या. घंटीचा एक आवाज नाही. ती शांतता आत्याला खायला उठली.

एका सकाळी तिने इस्त्रीचे कपडे घातले, पिशवीत एक घंटी टाकली आणि मला म्हणाली, "चल, बँका बघायच्यात. सोयरीक जुळवायचीय कंपनीची."

पहिल्या बँकेला काचेचं दार होतं. तिथल्या तरुणाने गोड बोलून कार्ड, सवलती, काय काय सांगितलं. आत्या म्हणाली, "ते राहू द्या. माझे पैसे वाटेत अडकले तर मी कोणाचं दार वाजवायचं?"

"या नंबरवर फोन करायचा, मॅडम. कधीही."

"नंबर नको हो. माणूस सांगा."

तो कसनुसा हसला. आम्ही उठलो.

दुसऱ्या बँकेतल्या गृहस्थांनी आदराने बसवलं आणि विचारलं, "साहेब नाही आले?"

"आलेत की," आत्या म्हणाली. "तुमच्यासमोर बसलेत."

मला हसू दाबता आलं नाही. ते गृहस्थही ओशाळले.

तिसरी शाखा औषधांच्या दुकानाच्या वर होती, जिना अरुंद. चष्मा केसांवर सरकवलेल्या एका अधिकारी बाईंनी सवलतींचा विषयच काढला नाही. आधी विचारलं: काय विकता, काय आणता, पैसे कुठल्या चलनात येतात, कुठल्या चलनात द्यायचे असतात?

आत्याने सांगितलं. दोन्हीकडे चलन एकच होतं.

"मग दोनदा बदलून दोनदा नुकसान कशाला?" बाई म्हणाल्या. "चालू खात्याला जोडून परकीय चलनाचं खातं उघडू. घंट्यांचे पैसे त्यात तसेच राहतील, स्प्रिंगवाल्याला त्यातूनच जातील. पण आधीच सांगते, आमच्याकडे कागद फार मागतात. सुरुवातीला तुम्ही वैतागाल. खात्यात शिल्लकही जास्त ठेवावी लागेल."

"आणि पैसे अडकले तर?"

"माझं दार वाजवा. मी रजेवर असले तर हे." शेजारच्या टेबलावरच्या कारकुनांनी मान वर करून हात हलवला.

आत्याने पिशवीतून घंटी काढून टेबलावर ठणठणीत वाजवली. अख्खी शाखा वळून बघायला लागली. "असं वाजवलं तर चालेल?"

बाई मनापासून हसल्या. घंटी हातात घेऊन त्यांनीही एकदा वाजवून बघितली.

अवघड काम पुढेच होतं. बाबा मशीनवर कोट शिवत बसले होते. आत्या समोर उभी राहिली. "दादा, मी खातं दुसरीकडे काढतेय."

मशीन थांबलं. "आणि मॅनेजरला मी काय तोंड दाखवू?"

"मी जाऊन सांगते त्यांना. माणूस चांगलाच आहे. पण त्यांना तुझी ओळख आहे रे, माझ्या कामाची नाही."

बाबांनी सुईतला दोरा तोडला. "बरं. निदान सहीला मला ठेव. दोघांच्या सह्या असल्या की बरं असतं."

आत्या मागे हटली नाही. "माझा हात धरून सही तूच शिकवलीस ना? मग आता एकटीला करू दे."

बाबांनी अबोला धरला. आत्या जेवायला आमच्याकडेच असते. जेवताना मीठ हवं असलं तरी बाबा माझ्याकडे बघून मागायचे.

खातं उघडायच्या दिवशी आम्ही निघालो, तर बाबा कोट घालून दारात उभे. आत्याने पिशवी त्यांच्या हातात दिली. बँकेत कारकुनांनी सवयीने कागद बाबांपुढे सरकवला. "काका, इथे सही."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मालकीण त्या आहेत. मी शिंपी. बहिणीला सोडायला आलोय."

आत्याने कागद आपल्याकडे ओढला. मग तिने अशी ठसठशीत सही केली की खालच्या कागदावरही उमटली.

अधिकारी बाईंनी शब्द पाळला. कुठे किती कापलं गेलं ते शोधून त्यांनी कमी पडलेली रक्कम नीट पोचवली आणि खोका सुटला. घंट्या ठरल्या वेळी जहाजावर चढल्या. त्यांचे पैसे आले, आले तसेच राहिले, आणि पुढच्या स्प्रिंगा त्यातूनच आल्या. शेडची आता पक्की खोली झालीय.

हल्ली बाहेर माल पाठवू बघणारे कोणी ना कोणी आत्याकडे विचारायला येतात, खातं कुठे काढू? आत्या घंटी वाजवण्यात गुंतलेली असते. उत्तर बाबाच देतात, खुर्ची पुढे ओढून, छाती काढून: "आधी काय आणता नि काय विकता ते सांगा. आमच्या बँकेतल्या बाईंची पद्धत आहे तशी."