कोऱ्या कागदावरची सही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर पापकबुलीची प्रार्थना म्हणतो, चांगली मोठ्याने म्हणतो — पण तिच्यात हे कधी नसतं. मग तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही.

केडगावला मी स्पर्धा परीक्षांचा इंग्रजीचा क्लास घेतो. गेल्या आठवड्यात एका मुलीने ‘कार्ट ब्लांश’चा अर्थ विचारला. पूर्ण मोकळीक, मी म्हणालो. इंग्रजीने फ्रेंचकडून उचललेला शब्द. मूळ अर्थ नुसता कोरा कागद. लढाईत हरलेल्याने कोऱ्या कागदावर सही करून द्यायची आणि जिंकणाऱ्याने वर हव्या त्या अटी लिहायच्या. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. एक जण हसत म्हणाला, असली सही कोण येडा करंल, सर? मी फळा पुसायला लागलो.

कोण करेल? रशीदमामांनी केली होती.

क्लासच्या आधी मी शिरूरकडच्या एका कारखान्यात कारकून होतो. तिथे रीतच होती — कंत्राट नवं करताना प्रत्येक कामगाराची एका कोऱ्या कागदाच्या तळाशी सही घ्यायची आणि तो कागद फायलीत ठेवायचा. कशाला, हे कुणी विचारत नसे. मीही नाही. रशीदमामा तळेगाव ढमढेऱ्याचे, प्रेस मशीनवर होते. पहिल्या वर्षी त्यांनी अंगठा लावला. मग जेवणाच्या सुट्टीत मीच त्यांना सही शिकवली — का, तर माणूस गोड होता, रोज डब्यातलं अर्धं मला द्यायचा. दुसऱ्या वर्षी कोरा कागद पुढे केला तेव्हा ते जरा थबकले.

“तू हाईस न्हवं हापिसात,” ते म्हणाले. “मग मला कशाचं भ्या?”

आणि ऐटीत सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसमध्ये गेली. साहेबांनी फाईल मागितली. मी आणून दिली — नाही, एवढंच नाही. त्या सहीच्या वर मीच लिहिलं : घरच्या अडचणीमुळे काम सोडत आहे. तारीख अपघाताच्या चार दिवस आधीची. नोकरी जाईल अशी भीती होती? होती. पण अक्षर जरा वेगळं काढावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं मलाच सुचलं.

कारखान्याने हात झटकले. हा माणूस त्या दिवशी आमच्याकडे कामालाच नव्हता, म्हणाले.

मामा त्या कागदाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडेच आले. वाचून दाखव म्हणाले. मी वाचलं, शब्द न् शब्द. त्यांनी डाव्या हाताचं बोट सहीवर ठेवलं.

“सही तर माझीच हाय. वरचं कुणी लिव्हलं आसंल रं?”

“माहीत न्हाई, मामा.”

त्यांना ते खरं वाटलं. मला आजही त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. मग म्हणाले, एक तक्रारीचा अर्ज तेवढा लिहून दे, तुझं अक्षर चांगलंय. मी लिहिला. माझं नाव सोडून सगळं लिहिलं. काय लिहिलंय, हे न विचारता मामांनी खाली डावा अंगठा लावला.