ऑटोमॅटिकला धक्का

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचतो ते खालच्या कमेंट्ससाठी. एक-दोघांची टिंगल मीसुद्धा केली आहे, आणि ते लोक आज व्याजासकट परतफेड करणार याची मला खात्री आहे. करा बापडे. मी बहरीनमध्ये एका गॅरेजला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. कस्टमर येऊन सांगतो की गाडी "आपोआप" बंद पडते, आणि मी त्याला समजावतो की आपोआप काही होत नसतं, कुठेतरी वायर ढिली असते. सोळा वर्षं हेच सांगतोय. त्यामुळे खालचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण बायको म्हणाली लिहा, म्हणून लिहितो.

माझा एक मावसभाऊ कॅनडात असतो. दर जानेवारीत फॅमिली ग्रुपवर त्याचे फोटो — बर्फात बुडालेली गाडी, हातात फावडं आणि खाली "तुमची मजा आहे बुवा!" कसली मजा? आमच्याकडे बर्फ नाही हे खरं, पण हिवाळ्यात चार दिवस पाऊस पडतो आणि तेवढ्यात सगळं बेट गुडघे टेकतं. जमीन सपाट, पाण्याला जायला उतारच नाही. रस्त्याचं तळं होतं, मग टँकर येऊन पाइप टाकून पाणी ओढून नेतात. उन्हाळ्यात भाजून कडक झालेले वायपर काचेवर नुसते करकरतात. आणि बॅटऱ्या! उन्हानं अर्धमेल्या झालेल्या बॅटऱ्या पहिल्या गार सकाळी मान टाकतात. त्या आठवड्यात आमच्या गॅरेजबाहेर रांग लागते. माझ्या स्वतःच्या गाडीची बॅटरी बदलायची, बदलायची, असं मी नोव्हेंबरपासून म्हणत होतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

आम्ही सनदला राहतो — मी, बायको सुवर्णा आणि नऊ वर्षांची ईरा. आई गावी, सातारा जिल्ह्यात, माझ्या थोरल्या बहिणीकडे. कंबरेचं हाड मोडल्यापासून आठ महिने अंथरुणावर. मागच्या जानेवारीत एका संध्याकाळी ताईचा फोन आला.

"दुपारपासून आई कुणालाच ओळखंना. मलाच विचारती, तुम्ही कोण बाई. डॉक्टर म्हणले, पोराला बोलवून घ्या. ये तू."

मॅनेजरला फोन केला. तो चांगला माणूस. म्हणाला, "यल्ला, जा, लीव्हचं आल्यावर बघू." सकाळी नऊच्या फ्लाइटचं तिकीट मिळालं. रात्रभर झोप नव्हती. बाहेर पाऊस ओतत होता आणि माझ्या डोक्यात एवढंच, की तिनं मला एकदा ओळखावं. मला तिची एका गोष्टीसाठी माफी मागायची होती. तीस वर्षं राहून गेलेली माफी. आणि जिला आपण कोण हेच कळत नाही, तिची माफी मागून काय उपयोग?

सकाळी सहाला टॅक्सीचं अ‍ॅप उघडलं. एकही गाडी नाही. ईरा खिडकीत उभी राहून म्हणाली, "बाबा, द रोड इज अ स्विमिंग पूल." मी म्हटलं, आपलीच गाडी काढतो, एअरपोर्टला पार्क करून जातो. एवढ्या वेळात सुवर्णानं आईसाठी मऊ खजूर बांधून दिले.

गाडी सुरू झाली, पण कुरकुरत. गल्लीच्या तोंडाशी हाजींचं घर आहे. हाजी म्हणजे आमचे बहरीनी शेजारी, ते खजूर त्यांच्याकडचेच, वय पंच्याहत्तरच्या पुढे, सगळी गल्ली त्यांना हाजीच म्हणते. त्यांच्या गेटसमोर पाणी साठलेलं. मी हळूहळू गाडी घातली आणि मधोमध ती बंद पडली. किल्ली फिरवली. टक-टक-टक-टक. हा आवाज मी रोज दहा वेळा ऐकतो. बॅटरी खलास.

जंपर केबल डिकीत होती, पण दुसरी गाडी कुठे होती? हाजींची गाडी त्यांचा मुलगा कामावर घेऊन गेलेला. गॅरेजमधल्या दोघांना फोन केले, एक तिकडे नईम भागात पाण्यात अडकलेला, दुसरा उचलेना. मग बूट-मोजे काढून सीटवर ठेवले, गाडी न्यूट्रलला टाकली आणि पाण्यात उतरून एकट्यानं ढकलून पाहिली. जागची हलली नाही. आणि हलून तरी काय होणार होतं? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही. क्लचच नसतो. इंजिन बंद असताना चाकं फिरवून इंजिन फिरवायची सोयच त्या गिअरबॉक्समध्ये नाही. कुणी कस्टमर म्हणाला की "आम्ही धक्का मारून बघितला", की आम्ही चहाच्या वेळी त्याच्यावर हसतो. ही चूक फक्त आपलेच लोक करतात, कारण आपण सगळे धक्क्यावर वाढलोय.

मी परत आत येऊन बसलो. साडेसहा. स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि रडलो, लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या लहानपणी दादांकडे, म्हणजे वडिलांकडे, एक जुना टेम्पो होता. सकाळी गावातलं दूध गोळा करून तालुक्याला न्यायचे. थंडीत तो कधीच स्टार्टरवर चालू झाला नाही. मी बारा-तेरा वर्षांचा, वजनाला हलका, म्हणून मला स्टेअरिंगवर बसवायचे. सेकंड गिअर, क्लच दाबून धरायचा. दादा दाराशी एका बाजूनं ढकलायचे आणि आई मागून मधोमध, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, अनवाणी. तिची एक पद्धत होती — आधी गाडीला दोन झोके द्यायची, मग तिसऱ्याला सगळा जोर. आणि वेग आला की ओरडायची, "सोड!" मी क्लच सोडला की टेम्पो एक हिसका खाऊन सुरू व्हायचा. आमचं घर एसटीच्या थांब्यासमोरच. शाळेची पोरं तिथे उभी असायची. कुणाचीच आई टेम्पो ढकलत नव्हती. मला तिची लाज वाटायची. एकदा वर्गात कुणी विचारलं तर मी म्हणालो होतो, ती आमची आई नाही, कामाला आहे.

तर... डोकं टेकून बसलो होतो आणि गाडी हलली.

आधी एक झोका. मग दुसरा. मला वाटलं, कुणी कामगार दिसतोय, देव भलं करो. मागच्या काचेवर वाफ धरलेली, आरशात काही दिसेना. तिसऱ्याला गाडी निघाली ती थेट. पाणी कापत, सरळ. मी मुकाट स्टेअरिंग धरलं. आणि माझा डावा पाय — हे मला आजही सांगता येत नाही — माझा डावा पाय खाली दाबलेला होता. जिथे क्लच नाही, नुसती ओली मॅट आहे, तिथे.

"सोड!"

मी पाय उचलला. गाडीनं एक हिसका खाल्ला आणि इंजिन सुरू झालं.

इंजिन बंद पडेल या भीतीनं मी थांबलो नाही. काच खाली करून "शुक्रिया भाई!" असं ओरडलो आणि मेन रोडला लागलो. आवाज बाईचा होता हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पार पुढे गेलो होतो. मनाची समजूत घातली — झोप नाही, डोक्यात आई, काहीतरी ऐकू आलं असेल. अनवाणी पायानं एअरपोर्टपर्यंत गाडी चालवली, पार्किंगमध्ये बूट घातले, काउंटर बंद व्हायच्या बेतात पोचलो.

मुंबईला उतरून गाडी केली. पनवेल मागे पडलं आणि सुवर्णाचा फोन आला.

"अहो, हाजी आलेले घरी. तुमच्यावर जाम भडकलेत."

"का? त्यांच्या गेटवर पाणी उडालं का?"

"नाही हो. म्हणाले, 'शुफ, हम खिडकी से देखा. बुड्ढा मामा पानी में धक्का देता, तुम्हारा आदमी अंदर बैठता! ऐब! बहुत ऐब!' त्यांच्यात आईला मामा म्हणतात ना, मी म्हटलं, कौन मामा? तर म्हणाले, इतकी छोटी, पाँव में चप्पल मफी, म्हणजे नाहीच, और कपडा ऐसा... पीछे बांधा. हातानं काष्टा दाखवत होते हो ते मला. आपल्या सनदमध्ये नऊवारी कोण नेसतं?"

मी फोन ठेवला. तुम्ही या ग्रुपवर इतक्या गोष्टी वाचल्यात, तुम्हालाही तेच वाटलं असेल जे मला वाटलं. माणूस जातं तेव्हाच असं येऊन जातं ना? हिशेब अगदी सरळ होता. आई गेली. सकाळी साडेसहाला, म्हणजे आपल्याकडच्या नवाला. जाता जाता लेकाची गाडी ढकलून गेली, आणि लेक बाहेर बघायलासुद्धा उतरला नाही.

तेवढ्यात ताईचा फोन. मी उचलला नाही. परत आला, परत उचलला नाही. जोवर ऐकत नाही तोवर घडलेलं नाही, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात बसलं होतं. ड्रायव्हरनं न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. खंबाटकी घाट उतरेपर्यंत सात मिस्ड कॉल झाले.

रात्री जेवणवेळेला घरी पोचलो. दारात माणसं असतील म्हणून मन घट्ट करून वळलो, तर अंगणात कुत्रं सोडून कुणी नाही. ताई कमरेवर हात ठेवून उभी.

"फोन उचलाय काय हुतंय रं तुला? साताऱ्यातनं औषधं आणायची हुती!"

आत आई उशीला टेकून बसली होती. ताटलीतला मऊ भात चिवडत. मी दारातच खाली बसलो.

ताई सांगत होती — सकाळी नवाच्या सुमाराला आईला एकाएकी धाप लागली, छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली. ताईनं शेजारपाजार गोळा केला, सगळ्यांना वाटलं, झालं आता. मग दरदरून घाम फुटला, जानेवारीच्या थंडीत. आणि डोळे उघडून आई म्हणाली, "शांते, गुळाचा खडा दे गं जरा." आदल्या दुपारपासून पहिल्यांदा ताईचं नाव घेतलं तिनं.

आईनं माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं.

"आलास व्हय? निघाली न्हवं गाडी?"

"अगं निघाली म्हणून तर आला," ताई म्हणाली आणि भाताची ताटली उचलून नेली.

आता तुमचे प्रश्न. मी स्वतःला सगळे विचारून झालेत. कुणी कामवाली बाई असेल, हाजींची नजर कमी असेल — असेल बुवा. थोड्या हलण्यानं बॅटरीचं टर्मिनल टेकलं असेल आणि माझा हात किल्लीला लागला असेल, हेही मी धरून चाललो. पण अकरा दिवसांनी परत आलो तेव्हा पार्किंगमध्ये गाडी मेलेली. टो करून गॅरेजला आणली. आमच्या मेकॅनिकनं बॅटरी तपासली आणि म्हणाला, "भाई, इसका तो सेल ही गया है. एअरपोर्ट तक आया कैसे?" मी खरं ते सांगितलं. "आप सर्व्हिस में होके ऐसा बोलेगा, तो कस्टमर क्या बोलेगा?" नवी बॅटरी घातली आणि विषय बंद केला. हाजींकडे खजुराच्या बदल्यात कंदी पेढे घेऊन गेलो आणि मुकाट्यानं त्यांची बोलणी खाल्ली. आई भारतात असते हे मी त्यांना सांगितलं नाही. "मामा जेन?" आई बरी आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जेन, हाजी." आई अजून आहे. कधी ओळखते, कधी नाही. मला या सगळ्याचं कारण सापडलेलं नाही, आणि ढिली वायर कुठे असेल हे शोधायचं मी हल्ली सोडून दिलंय.

मी तिथे असताना, चौथ्या दिवशी, तिला उन्हात खाटेवर बसवलं होतं. ताई रानात गेलेली. आईचं चित्त त्या दिवशी थाऱ्यावर होतं, शेजारच्या म्हशीला नावानं हाक मारत होती. मी पाय चेपत होतो. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"आई, तू टेम्पो ढकलायचीस ना... पोरं बघायची. मला तुझी लाज वाटायची. पोरांना मी काहीबाही सांगायचो. चुकलं माझं."

ती हसली. तोंडात दात नाहीत, पण हसू तेच.

"ठावं हुतं की मला. पोरं दिसली की तू ष्टेरिंग सोडून शिटाखाली दडायचास. गाडी जायची गटाराकडं, आन् मला दुप्पट जोर लावाय लागायचा."

मला हसावं की रडावं कळेना. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, खरखरीत, आणि डोळे मिटून घेत म्हणाली,

"ह्या खेपेला मातुर सरळ धरलंस."