हंसांचे बांगडे

आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे. एका हातात टकळी, दुसऱ्या हातात पेळू, आणि समोर मास्तर छडी घेऊन. स्वराज्य नुकतंच आलं होतं आणि ते आमच्या सुतावर टिकून आहे असं मास्तरांच्या चेहऱ्यावरून वाटायचं. बहुतेक पोरांना तो तास म्हणजे शिक्षा. मला मात्र पेळूतून धागा लांबत यायला लागला की गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं. घंटा झाली तरी मी उठत नसे.

माझ्या शेजारी बसायची ती कुंपणापलीकडच्या काकीची मुलगी, माझी मैत्रीण. तिची टकळी फिरायची कमी आणि पडायची जास्त. तिचं सूत एक तर तुटायचं, नाहीतर सुंभासारखं जाड व्हायचं. मास्तर ते बोटांत धरून म्हणायचे, "हे होडी बांधायला बंदरावर पाठव." मग मी माझ्या सुतातलं अर्धं गुपचूप तिच्याकडे सरकवायचे आणि ती त्याबद्दल मला झाडावर चढून कैऱ्या पाडून द्यायची. आमचा हा व्यवहार शाळा सुटेपर्यंत सुखाने चालला. पुढे त्याला कसली फळं येणार आहेत ते तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

शाळा संपली आणि माझ्या हातांना काही सुचेना. आईच्या मावसबहिणीने गोव्याहून येताना मला क्रोशाची सुई आणली, आणि मग मी कुणाचं ऐकणारी राहिले नाही. मधे लोकरीचं वेडही लागलं. मालवणात, घामाच्या धारा पुसत, मी वडिलांसाठी स्वेटर विणला. वडिलांनी तो हातात तोलून पाहिला आणि विचारलं, "मला यात घालून उकडायचं आहे का?" शेवटी तो आंबोलीच्या मामांकडे गेला. तिथल्या पावसात पहिल्याच दिवशी भिजला आणि मामांच्या गुडघ्यापर्यंत लांब झाला. मामींनी कळवलं, की खाली धोतर नेसलं नाही तरी चालतं. त्यानंतर मी लोकरीचा नाद सोडला.

क्रोशाचा मात्र सोडला नाही. टेबलावर घालायला एक मोठं कापड विणायला घेतलं, त्यात ओळीने हंस. अशा विणीत नुसता चौकोनांचा खेळ असतो. काही घरं उभ्या टाक्यांच्या खांबांनी भरायची, काही रिकामी सोडायची, की चित्र उमटतं. एक ओळ संपली की काम उलटायचं आणि पुढची ओळ नमुन्यात उलटीकडून वाचायची. मी शहाणी, कायम एकाच बाजूने वाचत गेले. ओळीतले सगळे हंस एकदमच वर चढत असतात, त्यामुळे बिघडले तेही सगळे एकदमच. माना पोटात गेल्या आणि शेपट्यांना दोन-दोन फाटे फुटले. अर्ध्यावर आल्यावर लांब धरून पाहिलं, तर बांगडे. चांगले ताजे, फुगीर बांगडे, एकामागून एक पोहत चाललेले.

उसवायचा मला भारी कंटाळा. म्हटलं, एक चुकला तर चूक, सगळेच चुकले तर नमुना. तशीच पुढे विणत गेले. आईने पूर्ण झालेलं कापड पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "घरात बाजार मांडलास काय गो?" वडील मात्र खूश. सोमवारी आमच्याकडे मासळी नसायची, तर वडील सकाळीच हाक मारायचे, "आज सोमवार हां, टेबलावरचं कापड काढा." आधी ती थट्टा होती. पुढे पुढे आई खरंच काढायला लागली.

तर आता रीत अशी, की गल्लीत कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी घरोघरचं विणकाम, भरतकाम त्या घरी गोळा व्हायचं. एकीची उशी, दुसरीचं तोरण, तिसरीचा मण्यांचा पोपट. पाहुण्यांसमोर सगळं 'आमच्या मुलीनं केलेलं'. पाहुण्यांनाही ते कळायचं, कारण त्यांच्या मुलीच्या वेळी त्यांनीही तेच केलेलं असायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही. माझं बांगड्यांचं कापड अशा कामावर बऱ्याच ठिकाणी जाऊन आलं होतं.

एका संध्याकाळी कुंपणावरून काकीची हाक आली, "तुझा ता बांगड्यांचा कापड दी गो जरा. उद्या चेडवाक बघूक येतत."

मैत्रिणीला पाहायला फोंड्याहून माणसं आली. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मी मागच्या दाराच्या फटीत उभी होते. मैत्रिणीने टेबलावर माझं कापड पसरलं आणि वर चहाचे कप मांडले. मुलाची आई, म्हणजे पुढे जिला आम्ही सगळे विहीणबाई म्हणायला लागलो ती, कापडाकडे टक लावून पाहत राहिली. मग तिने चष्मा लावला, कापडाचं टोक उलटून मागची बाजू पाहिली. मागची बाजू पाहणारी बाई साधी नसते.

"ह्या तूच केलंस?" तिने विचारलं.

मैत्रिणीने मान हलवली.

"बांगडे कित्याक? लोक हंस काढतत."

"आमच्याकडे हंस कोण खाता?" मैत्रीण म्हणाली.

मग मुलाला चहाचा असा ठसका लागला की त्याच्या वडिलांना त्याची पाठ थोपटावी लागली. विहीणबाई पण गालात हसली. जाताना त्यांनी होकार देऊन टाकला.

त्या संध्याकाळी मैत्रीण कुंपणापाशी आली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "माका तो आवडलो," ती म्हणाली. "जीव जाय इतको ठसको लागलो, तरी माझ्याकडे बघान हसत होतो. ह्या मोडला तर मी दुसऱ्या कोणाक हो म्हणूचंय नाय." ही गंमत नव्हती. ती बोलली की करणारी होती.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण कापड आता काकीच्या ट्रंकेत गेलं होतं. लग्नात मुलीच्या हातच्या वस्तू रुखवतात मांडतात, त्यात हे कापड मांडावंच लागणार, आणि मग ते तिच्याबरोबर फोंड्याला जाणार, कायमचं, तिचं म्हणून. काकीने ते परत दिलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? मैत्रिणीच्या संसारापुढे माझे बांगडे ते काय! तरी मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता.

अशात विहीणबाईचा निरोप आला. बाजारपेठेत तिची बहीण राहायची. तिच्याकडे चार दिवस येते आहे, आणि साखरपुड्याआधी दुपारची सुनेशेजारी बसून ते बांगडे कसे विणतात ते बघते म्हणे.

मैत्रीण माझ्याकडे पाहायला लागली आणि मी छाती काढून म्हटलं, "त्यात काय, मी शिकवते." शिकवलं बापडीला. सकाळ नाही, दुपार नाही. तिच्या बोटांत सुई दिली की साखळीऐवजी गाठ व्हायची, आणि गाठ सोडवायला गेलं की दुसरी गाठ. टकळीच्या वेळचे तिचे हात तसेच्या तसे होते, मधल्या वर्षांनी त्यांना काही शिकवलं नव्हतं.

"तू बोट काप," मी शेवटी सांगितलं.

"काय?"

"खरा नको गो. हळद लावन फडका बांध. विळयेर कापला म्हणान सांग. तू तोंडान सांग, तसा मी विणतंय."

मग तिला नमुना परवच्यासारखा पाठ करायला लावला. तीन खांब, दोन घरं सोड, परत तीन खांब. चुकली तर मी टेबलाखालून पायाने तिच्या पायाचा अंगठा दाबायचा, असं ठरलं.

विहीणबाई आली. फडक्याकडे बघून "अरे अरे" म्हणाली आणि खुर्ची ओढून आमच्या अगदी जवळ बसली. मैत्रीण डोळे मिटून घडाघडा म्हणायला लागली आणि मी विणायला लागले. खरं सांगते, नाटक विसरून मला रंग चढला. अशी जाणकार नजर माझ्या हातांवर कधी पडलीच नव्हती. सुई अशी पळवली की विचारू नका. एकामागून एक बांगडा उमटत होता. मधेच मैत्रीण चुकली, मी अंगठा दाबला, ती "आई गं" म्हणाली आणि तिने बोट दुखल्याचं सोंग केलं. सगळं झकास चाललं होतं.

फक्त विहीणबाईचा चेहरा उतरत चालला होता. काकीने गूळ घातलेले पोहे पुढे केले, ते तिने बाजूला ठेवले. मला वाटलं, आपलं काम अजून पसंत पडलेलं नाही, म्हणून मी आणखी बारीक विणायला लागले.

"लग्न झाल्यावर पण असाच करतलंस?" तिने मैत्रिणीला विचारलं.

मैत्रिणीला वाटलं, हाच तो प्रश्न, इथेच डाव जिंकायचा. "व्हय तर," ती म्हणाली. "सकाळी उठल्यापासून. माका दुसरा काय सुचतच नाय."

विहीणबाईने चष्मा काढला, घडी केली. "मगे माका परत इचार करूक व्हयो."

"काय चुकला आमचा?" काकीने विचारलं.

"खोटा कशाक बोलू," विहीणबाई म्हणाली. "घरात मी विणतंय. थोरली सून विणता. रेडिओवर कापड तिचा की माझा, ह्याच्यावरसून गेल्या चवथीपासून आमी एकमेकींशी धड बोलाक नाय. माझो घोव म्हणता, गो बायांनो, माणसांक बसाक तरी जागा ठेवा. त्यात तिसरी सुई आणून मी काय करू? त्या दिवशी हिना कापड पसरला तेव्हा सगळे बांगडे उताणे, पोटा वर. जेना विणला, ता असा पसरीत? माका वाटला, हिका कायच येणा नाय, देव पावलो. तीच खात्री करूक इलंय. आणि बघतंय तर हिका झोपेत पण येता."

मी सुई खाली ठेवली. इतकी हुशारी करून आम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"नाय हो," मैत्रीण ओरडली, "माका कायच येणा नाय!" आणि तिने दातांनी फडकं सोडलं, हळदीने पिवळं पण धडधाकट बोट विहीणबाईच्या नाकासमोर धरलं, माझ्यापुढची सुई ओढून घेतली आणि साखळी घालायला बसली. आम्ही तिघी वाकून बघत होतो. तिने एवढं मन लावून आयुष्यात कधी विणलं नसेल. थोड्याच वेळात एक टणक गाठ तयार झाली. ती तिने विहीणबाईच्या तळहातावर ठेवली.

विहीणबाईने ती उजेडात धरली, नखाने टोकरली, ओढून पाहिली. सुटेना. तिचा चेहरा खुलत गेला. "बरा आसा," ती म्हणाली. "साखरपुडो येत्या आयतवारी करूया." आणि पोह्यांची बशी परत पुढे ओढली.

पोहे संपल्यावर ती काकीकडे वळली. "आता ता कापड काढा बघू ट्रंकेतसून. जेचा तेका देवा." काकीने ते आणलं. विहीणबाईने स्वतः घडी उलगडली, बांगडे सरळ केले आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "तुझा काम बरा आसा गो," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. गल्लीतल्या किती घरांत ते कापड जाऊन आलं होतं, पण परक्या माणसाने त्याला 'तुझं' असं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

उरलेल्या दुपारी विहीणबाई माझ्याकडे येऊन बसायची. घरी तिने हंसांच्याच नमुन्यावरून बांगडे करून पाहिले होते, पण दर वेळी हंसच व्हायचे. मी तिला एकाच बाजूने वाचायला सांगायचे, तिचा हात काम उलटलं की आपसूक उलटीकडून वाचायचा, आणि हंसाची मान पुन्हा वर यायची. "चुकाक पण येवक व्हया गो," म्हणत ती जाईपर्यंत हंसच विणत राहिली.

लग्नानंतर मैत्रिणीची पाठराखीण म्हणून मी फोंड्याला गेले. घरात पाऊल टाकताच सासूचं काम कुठलं नि थोरल्या जावेचं कुठलं ते ओळखू आलं. रेडिओवर तर एकावर एक दोन कापडं होती. मी पिशवीतून माझं कापड काढलं आणि मैत्रिणीच्या हातात दिलं. रुखवतात ते मांडलं नव्हतं. आता ते माझं होतं, म्हणून मला देता आलं.

तिने डोळे पुसले, मधल्या घरातल्या टेबलावर ते झटकून पसरलं आणि हौसेने सुरकुत्या सारख्या केल्या. सगळे बांगडे उताणे, पोटं वर. मी विहीणबाईकडे पाहिलं, विहीणबाईने माझ्याकडे पाहिलं. दोघींपैकी एकीनेही ते सरळ केलं नाही.