आजीची कवळी आणि नातीची दाढ

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. माझी बायको सरकारी दवाखान्यात वारली, तेव्हा नात पाच वर्षांची होती. आजीला ती मोठमाय म्हणायची. आबा, मोठमाय कुठे गेली, असं तिनं मला विचारलं. घर माणसांनी भरलेलं. समोर कोनाड्यात बायकोची कवळी वाटीतल्या पाण्यात पडलेली होती. ती पाहून तोंडातून निघून गेलं, दात दाखवायला गेली. मला वाटलं, मिटलं.

चार-सहा महिन्यांनी नातीची दाढ किडली. लवंग धरून झाली, हळद लावून झाली, गाल सुजतच चालला. सून म्हणाली, अमळनेरला दातांच्या डॉक्टरकडे नेऊ. मला दवाखाना म्हटला की तेव्हाही संशय यायचा, आताही येतो. दुधाची दाढ, आपोआप पडणार. तिच्यासाठी डॉक्टरवाचून काय अडलंय? पण पोरीला भाकर चावेना.

डॉक्टरचं नाव काढलं आणि ती खाटेखाली शिरली. बांगड्या घ्यायला जायचंय, असं सून सांगत राहिली. पोरगी तिच्याकडे बघेनासुद्धा. शेवटी मी खाली वाकलो तेव्हा म्हणाली, "मोठमायना बठ्ठा दात काढी टाकात, आन् तिले ठेवी लिधं."

सगळे दात काढून आजीला तिथंच ठेवून घेतलं, असं तिला वाटलं, तर तिचं काय चुकलं? दात घरी होते, आजी नव्हती.

मी तिथंच जमिनीवर बसलो. "मोठमाय मरी गयी. पोटना आजार व्हता. दातना डॉक्टरनी तिले पाह्यं बी नही. मी खोटं बोलनू."

पोराला असं सांगतात का, म्हणून सून माझ्यावर चिडली. पण आमची शेळी मेली ती पोरीनं पाहिली होती. मेलं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. माझ्यावर मात्र तिचा भरवसा राहिला नव्हता. बराच वेळ माझं तोंड न्याहाळून ती म्हणाली, "मंग मी आत पाहसू."

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो. कवळी तिनं रुमालात बांधून घेतली होती. डॉक्टर तरणा होता. खुर्चीवर बस म्हणाला, तर ही सरळ मागच्या पडद्याकडे चालू लागली. तो अडवायला उठला. म्हटलं, पाहू द्या तिला.

पडद्यामागं बेसिन होतं, हत्यारं उकळायचं भांडं होतं, स्टुलावर त्याचा जेवणाचा डबा होता. त्याच्याही मागं एक दार होतं, अर्धं लोटलेलं. पोरगी माझ्याकडे बघायला लागली. ते दार मी ढकललं. बायकोला मी स्वतः खांदा दिलेला, तरी ढकललं, आणि डोकं आत घालून चारी कोपरे पाहिले. केरसुणी आणि रिकामी खोकी.

मग ती खुर्चीवर बसली आणि न सांगता तोंड उघडलं. डॉक्टरनं पू काढला, दाढ साफ करून औषध भरलं. ती रडली, पण तोंड मिटलं नाही.

घरी आल्यावर तिनं कवळी परत वाटीत ठेवली, पाणी ओतलं. आईनं विचारलं, फार दुखलं का?

"तठे नही शे मोठमाय," ती म्हणाली. "आबानी बी पाह्यं."