अर्धी वाटी दूध

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिचं अख्खं आयुष्य गेलं. तिथली पोरं तिला 'वाढू-का आजी' म्हणायची, कारण ताटाशी उभी राहून ती दुसरं काही विचारायचीच नाही. पोर रडलं, वाढू का? नापास झालं, तरी वाढू का? पोट भरलं की निम्मं दुःख आपोआप गप्प बसतं, असं तिचं ठाम मत. बाई हट्टी होती, पण तिच्यासमोरून कधी कुणी उपाशी उठलं नाही.

तिच्या पाच वर्षांच्या नातीला अधूनमधून झटके यायचे. चालता चालता पोर कोसळायची. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला. आत जराही हलून चालत नाही, म्हणून भूल द्यायची आणि भुलीआधी पोट रिकामं हवं. सुनेने दहादा बजावलं, "आई, सकाळी तिला काही म्हणजे काही द्यायचं नाही."

"मला काय कळत नाही का?" म्हातारी फणकारली.

सकाळी सून आंघोळीला गेली, मुलगा गाडी काढायला. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आजी, भूक लागली." झालं. आयुष्यभराची सवय ती, डोक्याला विचारत बसते थोडीच. अर्धी वाटी दूध, त्यात दोन बिस्किटं कुस्करून.

"एवढ्याशाने काय होतंय? आईला सांगायचं नाही हं."

पोरीने तोंडावर बोट ठेवलं.

दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय?" सून म्हणाली, काही नाही. डॉक्टर पोरीकडे वाकले. "खरंच? दूधबीध?" पोरीने आजीकडे पाहिलं आणि ठामपणे 'नाही' म्हणून मान हलवली. मग सही घेताना डॉक्टर सुनेला समजावू लागले, की पोटात काही असलं तर भुलीत उलटी होते, ती फुप्फुसात जाते, जिवावर बेतू शकतं.

म्हातारी पुढे सरकली. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"मी दिलं," ती म्हणाली. "दूधबिस्किट. मीच दिलं."

तपासणी रद्द झाली. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. "सांगितलंत ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. घरच्यांपैकी कुणी तसं म्हटलं नाही. गाडीत मुलगा एवढंच बोलला, "लोकांची पोरं जेवू घातलीस जन्मभर. माझ्या पोरीला एक सकाळ उपाशी ठेवता आलं नाही तुला?"

त्या दोन महिन्यांत पोर जिन्यात कोसळली. पुढचा दात तुटला, हनुवटी फुटली. आजीने रक्त पुसलं.

तपासणीच्या नव्या तारखेला आजीला घरीच ठेवलं. दिवसभर तिने स्वतः तोंडात पाणीही घातलं नाही. संध्याकाळी सगळे परतले. तपासणी नीट पार पडली होती. पोरगी भुकेने कावलेली. म्हातारीने लगबगीने ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं.

पोरीने घास उचलला, ताटाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि घास पुन्हा ताटात ठेवला.

"आई," तिने आतल्या खोलीकडे वळून विचारलं, "आजीने दिलंय. खाऊ ना?"

सून आतून म्हणाली, "थांब, मी बघते आधी."